सात पूर्णांक दोन दशांश नळ

ठाण्याच्या पाचपाखाडीत राहणाऱ्या माणसाने आकडा अक्षरात लिहावा की अंकात, या वादात पडूच नये. कुणी '५पाखाडी' किंवा '३ हात नाका' लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण मी पडलो, तोही नौपाड्यातल्या एका क्लासच्या सरांशी. त्यांच्या दहावीच्या नोट्स तपासायचं काम घेतलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की मोजदाद अक्षरात लिहावी आणि खुद्द संख्या अंकात. 'समीकरणाला दोन उकली आहेत', पण 'उकल २ आहे'. 'दोन' म्हणजे उकली किती; '२' म्हणजे उकल कोण!

"अहो, गणितात अक्षरं कशाला? मराठीचा पेपर आहे का?" असं म्हणत सरांनी कॉम्प्युटरवर एकामागून एक 'रिप्लेस ऑल' दाबलं.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं. पहिल्याच पानावर 'वि४ करा'. भरपूर केला, मग त्यातला 'विचार' सापडला. पुढे गाडी २ ता७ ८० किमी जात होती, मुलांना ८वड्यातून २दा उजळणी करायची होती आणि एकसामयिक समीकरणं '१सामयिक' झाली होती. 'एकूण'मधला ऊकार तर बिचारा १ला लोंबकळत होता.

हे निस्तरायला रात्र गेली. तरी सातवा प्रश्न निसटलाच. छापून आलं, '७. २ नळ मिळून १ टाकी भरतात.' वाक्याची सुरुवात अंकाने करू नका, असं मी घसा कोरडा होईतो सांगितलं होतं ते याचसाठी. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ७.२ नळ धरले. एका मुलीने विचारलं, "सर, ०.२ नळ म्हणजे ठिबकणारा का?" (पाणीटंचाईवाल्या घोडबंदर रोडची असणार.)

मानधन ४,५०० ठरलं होतं. चेक आला. अंकात ४,५००, अक्षरी 'रुपये चार हजार पाच फक्त'. 'शे' गळालेला. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं १८वं कलम सांगतं, की अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम खरी. म्हणजे तत्त्व माझं जिंकलं आणि ४९५ रुपयेही माझेच गेले.

सरांना फोन केला. म्हणाले, "अक्षरं कोण बघतंय हो? आकडा बरोबर आहे ना!"