‘घरच्या वंशवृक्षाला सोर्स कशाला?’ याला उत्तर

‘घरच्या वंशवृक्षाला सोर्स कशाला? सॉफ्टवेअरमध्ये नावं-तारखा भरा आणि मोकळे व्हा,’ अशा अर्थाचा सल्ला बराच फिरतो. कारणं चार दिली जातात: माहिती घरातल्यांकडूनच आलेली असते, ऑनलाइन नोंदीची लिंक चिकटवली की पुरतं, चार वंशवृक्षांत तेच साल असेल तर ते पक्कं, आणि सोर्स काय, नंतरही टाकता येतात. हे वाचून नवख्याला हायसं वाटतं. पण त्याचीच मेहनत यात वाया जाते, म्हणून हे लिहितो आहे.

माहिती घरातली आहे ना, मग तेच लिहा. ‘आत्याने सांगितलं’ हाही सोर्सच आहे. कुणाला सांगितलं, कधी, आणि तिने ते पाहिलं होतं की ऐकलं होतं, एवढं टिपलं की झालं. गेडकॉम या फाइल-प्रकारातून बहुतेक सॉफ्टवेअर एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात. त्यात प्रत्येक सायटेशनला, म्हणजे एखादी माहिती कुठल्या सोर्समधून घेतली हे सांगणाऱ्या नोंदीला, ० ते ३ असा विश्वासार्हतेचा आकडा देता येतो, आणि मुलाखती व तोंडी वंशावळींसाठी १ हा आकडा ठरलेला आहे.

शिवाय कागदही सगळा सारखा भरवशाचा नसतो. आजोबांच्या मृत्युदाखल्यावरच्या वयावरून मी त्यांचं जन्मसाल काढलं होतं. पुढे शाळेच्या रजिस्टरात तीन वर्षांचा फरक निघाला. दाखला पुन्हा नीट पाहिला, तर माहिती देणारे म्हणून काकांचं नाव. आजोबा गेले तेव्हा काका जवळ होते. आजोबांच्या जन्माबद्दल मात्र काकांनी ऐकलेलंच सांगितलं असणार. म्हणजे एकाच कागदावरची मृत्यूची तारीख भक्कम आणि वय ऐकीव. ग्रॅम्प्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सोर्स आणि सायटेशन वेगळे ठेवतात ते यासाठीच. दाखला एकदाच नोंदवायचा, पण मृत्यूला जोडताना त्याचं वजन वेगळं आणि जन्माला जोडताना वेगळं. मी दाखल्याचा सोर्स लिहिला नसता, तर दोन सालांपैकी कुठलं कुठून आलं हेच मला कळलं नसतं.

लिंकचं म्हणाल, तर ती जरूर द्या, पण सगळ्यात शेवटी. वेबसाइटचे पत्ते बदलतात, संग्रह काढून घेतले जातात. आधी रजिस्टरचं नाव, ते कुणाच्या ताब्यात आहे, खंड, पान, नोंद क्रमांक, मग लिंक आणि पाहिल्याची तारीख. आणि मूळ पानाचा फोटो पाहिला की फक्त सूची, हे आवर्जून लिहा. सूची म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं अक्षर; १ चा ७ तिथेच होतो.

चार वंशवृक्षांचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. ऑनलाइन वंशवृक्षातली अख्खी शाखा दोन-चार क्लिकमध्ये आपल्याकडे उतरवता येते. त्या चौघांचे सोर्स उघडून पाहा. तिघांनी चौथ्याकडून घेतलं असेल आणि चौथ्याकडे सोर्सच नसेल, तर ती साक्ष एकाचीच, तीही बिनबुडाची. एखाद्याने रजिस्टरचा हवाला दिला असेल, तर स्वतः ते रजिस्टर पाहा. पाहता आलं नाही, तर ‘अमुक वंशवृक्षातून, मूळ नोंद पाहिलेली नाही’ असं स्पष्ट लिहा.

‘नंतर टाकू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पान समोर उघडं असताना दोन मिनिटांत होणारं काम नंतर तेच पान शोधण्यापासून सुरू करावं लागतं.

एक मात्र मान्य. सायटेशनच्या शैलीची लोकांना धास्ती वाटते. एलिझाबेथ शोन मिल्स यांचं २००७ सालचं ‘एव्हिडन्स एक्सप्लेन्ड’ हे यावरचं पुस्तकच आठशेहून जास्त पानांचं आहे. पण घरच्या कामात स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी काही बिघडत नाही. सॉफ्टवेअरमधले सायटेशनचे तयार साचेही गेडकॉममधून दुसरीकडे नेताना अनेकदा मोडतात. साध्या वाक्यात लिहा: काय पाहिलं, कुठे, कुठल्या पानावर, कधी.