हेवी मेटल एका शुक्रवारी जन्मले नाही

जुलै २०२५ मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’चे गायक ओझी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले, तेव्हापासून एक मजकूर रॉकप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७० रोजी बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली तबकडी बाजारात आली आणि त्या दिवशी हेवी मेटल (रॉक संगीताचा जड, दणदणीत प्रकार) जन्मले, कारखान्यात बोटांची टोके गमावलेले त्या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी नाइलाजाने गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड आवाज निघाला, चर्चने मध्ययुगात बंदी घातलेला ‘सैतानी’ स्वर त्यांनी रॉकमध्ये प्रथम आणला, हे संगीत यंत्रांच्या घणाघातातून आले असल्याने ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे लोकसंगीत) आणि रॉक अँड रोल यांच्याशी त्याचे काही नाते नाही, आणि ‘हेवी मेटल’ हे नाव अमेरिकी लेखक विल्यम बरोज यांच्या ‘नेकेड लंच’ या कादंबरीतून घेतले आहे. मजकूर वाचायला झकास आहे. त्यातली तारीख बरोबर आहे आणि अपघातही खराच घडला होता. पण त्यांच्यावर रचलेले बहुतेक निष्कर्ष टिकत नाहीत.

आधी जन्मतारखेचे पाहू. ही तबकडी १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश बँडची पहिली तबकडी येऊन नऊ महिने उलटले होते. त्याही आधी, जानेवारी १९६८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लू चिअर’ या त्रिकुटाने एडी कॉक्रन यांचे १९५८ सालचे ‘समरटाइम ब्लूज’ इतक्या कर्कश आणि दणदणीत रूपात सादर केले की मूळ गाणे त्यात ओळखू येणे अवघड व्हावे, आणि तरीही (किंवा कदाचित त्यामुळेच) ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी, रॉकमधला सर्वांत गोंगाटी आवाज आपला असावा या ईर्ष्येने पॉल मॅकार्टनी यांनी बीटल्सकडून ‘हेल्टर स्केल्टर’ करून घेतले. ब्लॅक सॅबथचे काम या सगळ्यांपेक्षा अधिक काळवंडलेले आणि अधिक संथ होते हे मान्यच आहे, पण त्याला जन्म म्हणायचे तर गर्भारपण कुणाचे होते हा प्रश्न उरतोच.

बोटांच्या अपघाताचा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. सतरा वर्षांचे आयोमी १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गमावून बसले. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि बोटांना ताण पडू नये म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या. हे सगळे खरे आहे. परंतु पहिल्या तबकडीवरची त्यांची गिटार नेहमीच्याच पट्टीत लावलेली आहे. तिचे स्वर तीन अर्धस्वरांनी खाली उतरवण्याचा प्रयोग १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या तिसऱ्या तबकडीवरील काही गाण्यांत येतो, त्यामुळे १९७० च्या आवाजाचे कारण १९७१ च्या सैल तारांत शोधणे कालक्रमालाच मान्य होणार नाही.

तो आवाज आला तो मुख्यतः ॲम्प्लिफायरमधून, आणि त्याची कथा बर्मिंगहॅमच्या फार आधी, अमेरिकेच्या दक्षिणेत सुरू होते. मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे आयक टर्नर यांच्या वादकांनी ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर प्रवासात बिघडलेला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली गेली आणि जो फाटका, घोगरा आवाज निघाला तो ध्वनिमुद्रण करणारे सॅम फिलिप्स यांनी काढून न टाकता तसाच ठेवला. सात वर्षांनी गिटारवादक लिंक रे यांना तसाच आवाज मुद्दाम हवा होता, म्हणून त्यांनी पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली. त्यांच्या ‘रंबल’ या रचनेत एकही शब्द नाही, तरीही ती ऐकून तरुणांच्या टोळ्या मारामारीला प्रवृत्त होतील या भीतीने काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी ती वाजवण्याचे नाकारले. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’मधील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ची ती प्रसिद्ध सुरावट जन्माला आली. तेही तेव्हा सतराच वर्षांचे होते, पण त्यांनी बोटे शाबूत ठेवून स्पीकर कापला!

या रचनांत आणखी एक गोष्ट समान आहे, जिला गिटारवादक ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र छेडायचे आणि गंधार गाळायचा. ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत चढवला की तीन-चार स्वरांचा पूर्ण मेळ चिखलासारखा एकमेकांत मिसळतो, पण सा आणि प मात्र भक्कम उभे राहतात. दुखावलेल्या बोटांना हे दोन स्वर सोयीचे होते, हे मी नाकारत नाही. परंतु ती सोय आयोमी यांना तयार मिळाली होती, कारण रे आणि डेव्हिस यांनी ती धडधाकट हातांनी आधीच रूढ केली होती. उरला प्रश्न ताकदीचा. पश्चिम लंडनमधले दुकानदार जिम मार्शल १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी ‘फेंडर बेसमन’वर बेतलेले ॲम्प्लिफायर विकू लागले होते, आणि ‘द हू’च्या पीट टाउनशेंड यांच्या आग्रहामुळे त्यांनी १०० वॉटचे यंत्र तयार केले. डोक्याएवढ्या उंचीची स्पीकरची भिंत रंगमंचावर उभी राहिली ती तिथून.

‘सैतानी’ स्वराची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल. ब्लॅक सॅबथच्या त्याच नावाच्या गाण्यातली सुरावट तीन स्वरांची आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर मध्ययुगीन युरोपातले संगीतशास्त्रज्ञ गायला अवघड म्हणून टाळत असत, हे खरे आहे. परंतु चर्चने त्यावर बंदी घातल्याचा एकही हुकूम उपलब्ध नाही, आणि ‘संगीतातला सैतान’ हा लॅटिन शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत दिसतो. (यमन शिकणारी आपल्याकडची मुले हा सैतान रोज सकाळी घोटतात, आणि कुणाच्या घरात काही अघटित घडल्याचे ऐकिवात नाही.) रॉकमध्येही तो नवा नव्हता. १९६७ च्या ‘पर्पल हेझ’चा आरंभ जिमी हेंड्रिक्स याच अंतरावर उभा करतात. सॅबथच्या गाण्यामागची प्रेरणाही चर्चच्या वहीतली नव्हती. बेसवादक गीझर बटलर यांना गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधील ‘मंगळ’ हा भाग आवडत असे, आणि प्रेरणा तिथून आली होती.

ब्लूजशी नाते नसल्याचा दावा मात्र मला सर्वांत खटकतो, कारण त्यात कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे ऋण अलगद पुसले जाते. ज्या बँडला ब्लूजशी संबंध नव्हता असे सांगितले जाते, त्याचे सुरुवातीचे नावच ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’ होते. पहिल्या तबकडीवरील ‘वॉर्निंग’ हे दहा मिनिटांचे गाणे एन्स्ली डनबार यांच्या ब्रिटिश ब्लूज बँडचे आहे, ‘द विझर्ड’ची सुरुवात माउथ ऑर्गनने होते, आणि ड्रमवादक बिल वॉर्ड तर जाझमधल्या जीन क्रुपा यांना गुरुस्थानी मानत. समकालीनांनाही हे ऐकू येत होते: १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात लेस्टर बँग्स यांनी या तबकडीची खिल्ली उडवली ती ‘क्रीम’ची वाईट नक्कल म्हणून. क्रीम हा बँड हाउलिन वुल्फ आणि रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांची गाणी वाजवून मोठा झाला होता. लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीवर ब्लूज गीतकार विली डिक्सन यांची दोन गाणी आहेत, आणि त्याच बँडच्या ‘होल लोटा लव्ह’मधील ऋण नोंदवले न गेल्याने डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला, जो पुढे तडजोडीने मिटला. यंत्रांच्या आवाजाचा परिणाम झाल्याचे बर्मिंगहॅमचे वादक स्वतःच सांगत आले आहेत आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, परंतु घणाचा ठोका ताल सुचवू शकतो, सुरावट नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जुडास प्रीस्ट’सारख्या बँडनी ब्लूजचा लहेजा खरोखरच छाटून टाकला, नंतरच्या काळाचे हे वर्णन मागे नेऊन १९७० वर चिकटवल्यामुळे हा घोळ झाला असावा.

नावाची कथाही अशीच हुकते. बरोज यांच्या लेखनात ‘हेवी मेटल किड’ हे पात्र आहे, पण ते ‘द सॉफ्ट मशीन’ आणि ‘नोव्हा एक्सप्रेस’मध्ये, आणि रसायनशास्त्रात जड धातूंसाठी हे शब्द एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहेत. १९६८ मध्ये ‘स्टेपनवुल्फ’ या बँडच्या ‘बॉर्न टू बी वाइल्ड’ या गाण्यामध्ये ते येतात मोटारसायकलच्या गडगडाटासाठी. संगीतसमीक्षेत ते त्याच वर्षी, मे महिन्यात, बॅरी गिफर्ड यांच्या लेखणीतून उतरले ते शिकागोचे ब्लूज गिटारवादक माइक ब्लूमफील्ड यांच्या ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ या बँडबद्दल, ज्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजत असत. गोऱ्यांचे ब्लूज आणि हेवी मेटल रॉक यांचा मिलाफ, असे त्यांनी त्या संगीताला म्हटले होते.