खुलासा : अँटिब्रेन 'कोसळल्या'चा मेसेज

सोलापुरातल्या आमच्या विज्ञानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय : 'अँटिब्रेन अस्थिर असल्याचं सिद्ध झालं, स्ट्रिंग सिद्धांत संपला, विश्व कधीही फुटेल.' असं काही सिद्ध झालेलं नाही. (स्ट्रिंग सिद्धांत म्हणजे सगळे मूलकण हे सूक्ष्म तारांची कंपनं आहेत, असं मांडणारा भौतिकशास्त्रातला सिद्धांत. आणि हा ब्रेन म्हणजे मेंदू नव्हे, त्या सिद्धांतातली पापुद्र्यासारखी वस्तू; अँटिब्रेन म्हणजे तिचाच उलट्या भाराचा जोडीदार. एका काकांनी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं म्हणे!)

२००३ मध्ये काच्रू, कॅलॉश, लिंडे आणि मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संदीप त्रिवेदी या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगानं प्रसरण पावणारं विश्व स्ट्रिंग सिद्धांतात बसवायला अँटिब्रेन वापरले. पुढे काही गणितांत अँटिब्रेनजवळ फ्लक्स (विद्युतक्षेत्रासारखंच एक क्षेत्र) अनंत होताना दिसला. मेसेजचं मूळ इथे.

पण इलेक्ट्रॉनच्या अगदी जवळ त्याचं विद्युतक्षेत्रही कागदावर अनंत होतं. म्हणून इलेक्ट्रॉन कोसळतो का? चादरीची नक्षी दहा फुटांवरून बघताना सूत मोजावं लागत नाही. सुताचा परिणाम तेवढा हिशेबात धरला की झालं. इफेक्टिव्ह फील्ड थिअरी हेच करते. भौतिकशास्त्रज्ञ पोल्चिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या पद्धतीनं एकट्या अँटिब्रेनचा विचार केला; त्यांना अस्थिरता आढळली नाही. अनेक अँटिब्रेन एकत्र असतील तर प्रश्न किचकट होतो, आणि तिथला वाद खरा आहे.

विश्व फुटण्याचं म्हणाल, तर त्या २००३च्या रचनेतही विश्वाची ही प्रसरणाची अवस्था कायमची नाहीच, फक्त तिचं आयुष्य विश्वाच्या आजच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या वयापेक्षा प्रचंड मोठं निघतं. गड्ड्याच्या जत्रेचे बेत खुशाल करा.