‘हवा नाही म्हणून रंग टिकतो’? मुळीच नाही

भाचीनं काल विज्ञान प्रकल्प वाचायला दिला. दुसऱ्याच पानावर सगळीकडे फिरणारा तो संदेश जसाच्या तसा: ‘अंतराळात ऑक्सिजन नाही, म्हणून तिथे प्लास्टिक आणि रंग कधीच खराब होत नाहीत. ऊन इथल्यासारखंच. उपग्रहांवरचे महागडे थर निव्वळ दिखावा.’ पोरीनं विश्वासानं उतरवून घेतलं होतं. आता गप्प बसवत नाही.

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. उन्हात पडलेली नायलॉनची दोरी ठिसूळ होते त्यात ऑक्सिजनचा मोठा हात असतो, आणि निर्वातात ती वाट बंद होते. पण पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूची, साखळी तुटायला ऑक्सिजनच हवा असं कुठे आहे? त्यातला कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) पुरतात. सूर्याकडून येणाऱ्या १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एकेका प्रकाशकणात १०.२ असतात.

‘ऊन इथल्यासारखंच’ हे तर धडधडीत खोटं. २९० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण आपलं वातावरण जवळजवळ सगळे अडवतं. वर कोण अडवणार?

खरा संताप ‘दिखावा’ या शब्दाचा. नासानं एप्रिल १९८४ मध्ये एलडीईएफ हा नमुन्यांनी भरलेला उपग्रह सोडला आणि जानेवारी १९९० मध्ये परत आणला. त्याची एक बाजू कायम प्रवासाच्या दिशेनं पुढे, एक कायम मागे. दोन्हींकडे तोच पांढरा पॉलियुरेथेन रंग होता. मागचा तपकिरी पडला, पुढचा पांढरा राहिला! कारण तेवढ्या उंचीवर सुटा, अणुरूप ऑक्सिजन असतो (म्हणजे ‘ऑक्सिजन नाही’ हेही चूकच). समोरून आदळताना तो उन्हानं करपलेलं रेझिन (रंग धरून ठेवणारा बंधक) खरवडून नेत होता. ही काही राखण नव्हे, रंग झिजतच होता. तपकिरी पडलेला भाग जास्त ऊन शोषतो, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी लावलेला रंगच यान तापवू लागतो.

त्याच उपग्रहावर पोटॅशियम सिलिकेटमध्ये झिंक ऑक्साइड कालवलेला रंग मात्र जवळपास तसाच राहिला, कारण त्याच्या बंधकात तुटायला कार्बनची साखळीच नाही. कॅप्टॉन या प्लास्टिकच्या पातळ पटलावर सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर चढवतात तो अणुरूप ऑक्सिजनपासून बचावासाठी.

आणि ‘कधीच खराब होत नाहीत’? हबल दुर्बीण १९९० मध्ये गेली. १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना तिच्या आच्छादनाचं टेफ्लॉन तडकलेलं दिसलं.