गुडघेबदलाबद्दलचा तो आकडा उलटा आहे

माझ्या मावशीने गुडघ्याच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. कारण भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक लांबलचक मेसेज. नंतर तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला, म्हणून हे लिहायला बसलो. त्यात म्हटलंय: गुडघे बदललेल्या दहापैकी आठ जण पस्तावतात. वाटी काढली की माणूस कायमचा अधू. नवा सांधा दहा वर्षांत निकामी. वाजपेयींचं काय झालं ते बघा. सगळा कंपन्यांचा धंदा आहे. आणि यावर उपाय काय, तर २१ दिवस पारिजातकाच्या पानांचा काढा प्यायचा, तोवर अंथरुणातून उठायचं नाही, म्हणजे गुडघ्यातलं ‘ग्रीस’ परत तयार होतं.

त्या २१ दिवसांपासूनच सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे झालं. मावशी ६८ वर्षांची, त्यात मधुमेह. तिने खरोखर तीन आठवडे अंथरूण धरलं. उठली तेव्हा दोन्ही हातांनी रेटा दिल्याशिवाय तिला खुर्चीतून उभं राहता येईना. मांडीच्या पुढचा जो स्नायू गुडघा सावरून धरतो, तो वापरला नाही की झपाट्याने रोडावतो, आणि या वयात तो परत कमवायला महिने जातात. नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते ती वेगळीच. झिजलेल्या गुडघ्याला जगभर पहिला उपचार सांगतात तो व्यायामाचा आणि वजन उतरवण्याचा. ऑपरेशन करा नाहीतर करू नका, मांडीत ताकद हवीच. ऑपरेशन झालेल्या माणसालासुद्धा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. आणि हा मेसेज सांगतो, हलू नका! ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्या घरात म्हातारं माणूस नाही का?

राहिलं ग्रीस. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो हे खरं, पण झिजते ती कूर्चा, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती चामडीच्या जखमेसारखी भरून येत नाही. मावशीच्या उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं दिसतं, पाय कमानीसारखे वाकलेत. तिथे ही गादी परत उगवेल असा काढा, तेल किंवा गोळी आजवर कुणी सिद्ध केलेली नाही.

आता ते दहापैकी आठ. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पूर्ण गुडघा बदललेल्या १७०३ रुग्णांना वर्षभराने विचारून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. या विषयावर बोलताना डॉक्टर मंडळी हटकून त्याचा दाखला देतात. त्यात असमाधानी निघाले १९ टक्के. म्हणजे दहापैकी आठ जण समाधानी. कुणीतरी आकडा तोच ठेवून शब्द फिरवलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पाचातला एक नाराज राहतो, हे मला मान्य करावंच लागतं. ‘सगळे खूश असतात’ म्हणणाऱ्या जाहिरातीही तितक्याच खोट्या. ते नाराज का राहतात, हे त्याच अभ्यासात सापडतं. मनातली अपेक्षा पुरी झाली नाही, तर असमाधानाचा धोका सुमारे ११ पट. दुखणं कमी झालं तरी माणूस म्हणतो, मला मांडी घालून बसता येईल असं वाटलं होतं. नव्या गुडघ्याने बहुतेकांना ते जमत नाही, आणि हे आधी सांगायला हवं. काही महिने गुडघा गरम आणि ताठर राहतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला चामडी बधिर वाटते, तेही सांगायला हवं. घाईत असलेले सर्जन हे सांगत नाहीत. माझा त्यांच्यावरही राग आहे.

आणखी एक कबुली. गुडघा दुखला की बदला, असंही नसतं. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. निम्म्यांना ऑपरेशन आणि व्यायाम वगैरे, निम्म्यांना नुसते व्यायाम वगैरे. वर्षभरात दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनीच ऑपरेशन करून घेतलं. लक्षणीय सुधारणा मात्र ऑपरेशनच्या गटात ८५ टक्क्यांना, दुसऱ्यात ६८ टक्क्यांना. गंभीर त्रासही ऑपरेशनच्याच गटात जास्त झाले. शिवाय ज्यांचं दुखणं फार तीव्र होतं त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं, आणि मावशी नेमकी त्यातली.

बाकीचं थोडक्यात. ‘वाटी बदलली’ हा बोलण्यातला शब्द. वाटी काढून टाकत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर कापून त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती. दहा वर्षांचं म्हणाल, तर २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण गुडघाबदलाचे सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात. वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये मुंबईत बदलला, आणि ते मे २००४ पर्यंत पंतप्रधान होते. पक्षाघात त्यांना २००९ मध्ये झाला, त्याचा गुडघ्यांशी संबंध नाही. धंद्याच्या आरोपात तथ्य होतं: ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. मेसेजात याचा उल्लेखही नाही.

गेल्या आठवड्यात मावशीला घेऊन परत डॉक्टरांकडे गेलो. तिला काय हवंय ते तिनेच कागदावर लिहून नेलं होतं: दारापुढच्या तीन पायऱ्या, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, आणि देवपूजेला खाली बसणं. पहिल्या दोन गोष्टींना डॉक्टर ‘बहुधा होईल’ म्हणाले, तिसरीला ‘नाही’. घरी आल्यावर तिने देव्हारा टेबलावर मांडून घेतला, आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम चाललाय. मांडीत जरा जोर आला की नवी तारीख घ्यायची आहे.