भित्रं चित्र

उमरग्याकडच्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चित्रावरून चांगलीच जुंपली. २०२५च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, टीव्हीवर भोंगे इतके वाजले की हवाई हल्ल्याचा भोंगा बातम्यांत वाजवू नका, असं शेवटी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं. शाळा उघडल्यावर चित्रकला स्पर्धा झाली. पोरांनी विमानं आणि तिरंगा काढला. सातवीतल्या एका पोरीने मात्र वाड्यातल्या धान्य साठवायच्या बळदात दाटीवाटीने बसलेली घरची माणसं काढली, झाकण उघडं आणि वर लालभडक आभाळ. सरांनी तिला नवा कागद दिला. ग्रुपवर बहुतेकांना ते पटलं, पोरं भित्री करायची नाहीत म्हणे. दोघंतिघं म्हणाले, पोरीला डॉक्टरला दाखवा.

मला दोन्ही पटलं नाही.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो. इथल्या आल्बर्टिनम संग्रहालयात जर्मन चित्रकार ओटो डिक्सचं ‘युद्ध’ आहे. डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता. चार फळ्यांचं हे चित्र त्याने १९२९ ते १९३२मध्ये केलं, म्हणजे लढाई थांबून दहा वर्षं उलटल्यावर. डावीकडे धुक्यातून निघालेली पलटण. मध्ये उद्ध्वस्त खंदक, त्यावर अडकलेला सांगाडा आणि त्याचं रोखलेलं बोट. उजवीकडे जखमी सोबत्याला ओढून नेणारा खुद्द डिक्स. खालच्या अरुंद फळीवर शिपाई आडवे पडलेत, झोपलेत की मेलेत ते कळत नाही.

युद्धानंतर कित्येक वर्षं आपल्याला पडक्या घरांतून सरपटत जायची स्वप्नं पडायची, असं त्याने पुढे सांगितलं होतं. हे वाचून आमच्या भागातल्या माणसाला किल्लारीचा भूकंपच आठवणार. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या रुंद भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. माझ्या मावशीला पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, तरी ती कित्येक वर्षं अंगणात पत्र्याखालीच झोपायची. तिला काय दिसतं, हे कुणी विचारलं नाही. ‘झालं गेलं, उगाळू नको’, एवढंच. निजामाच्या राजवटीतल्या रझाकारीचंही तेच. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन होतं, भाषणं होतात. पण कोण कुठे लपलं, आणि १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या मुसलमानांवर काय गुदरलं, हे दबक्या आवाजातच राहिलं.

चित्र काढलं की भीती जाते, असं मी म्हणत नाही. मोकळा झालो, असं डिक्सही म्हणाला नाही. पण डोक्यात नुसतं घोंघावणारं कागदावर आलं की त्यावर बोट ठेवून विचारता येतं. बाई, तू झाकण उघडं का ठेवलंस? हे त्या पोरीला कुणी विचारायला हवं होतं. कदाचित एखादा माणूस अजून यायचा असेल.

जर्मनांचं फार कौतुक करायचंही कारण नाही. १९३३मध्ये नाझींनी याच शहरातल्या कला अकादमीतून डिक्सला प्राध्यापकपदावरून काढलं. आरोप काय, तर त्याच्या चित्रांनी लोकांची लढायची इच्छा खचते. आमच्या ग्रुपवरचाच मुद्दा! बारा वर्षांनी, फेब्रुवारी १९४५मध्ये, हे शहर बॉम्बवर्षावात जळालं, सुमारे २५,००० माणसं गेली. आणि त्या मेलेल्यांवर हक्क सांगायला कट्टर उजवे अजूनही मोर्चे काढतात.

सरांवर राग नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना आमच्याकडूनही स्मरणचित्रात जत्रा, बाजार आणि एसटी स्टँडच घोटून घेतलं होतं. ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळत असतील तर वेगळं कोण काढेल? म्हणून मी ग्रुपवर सुचवलं, वर्षातून एक तास असा ठेवा की चित्राला मार्क नाहीत, बक्षीस नाही, भिंतीवर लावणंही नाही. लगेच विचारणा आली, बिनमार्काच्या तासाला पोरं बसतील का? ३० सप्टेंबरला भूकंपपट्ट्यातल्या एखाद्या शाळेत करून बघा, आज्या-आजोबांनाही खडू द्या, मग बोलू.