सहा महिने आणि वेल्डरचं कार्ड : खुलासा

वेल्डर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सिक्स-जी सर्टिफिकेट सहा महिन्यांनी आपोआप बाद होतं, फी भरून पुन्हा टेस्ट द्या.' (सिक्स-जी म्हणजे ४५ अंशांत तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवर दिलेली वेल्डिंग टेस्ट.) बॉयलर-पाइपिंगच्या कामात चालणाऱ्या एएसएमई सेक्शन ९ मध्ये, म्हणजे वेल्डरच्या पात्रतेच्या अमेरिकी नियमावलीत, असं म्हटलेलं नाही.

नियम आहे तो खंडाचा. ज्या प्रोसेसने (वेल्डिंगच्या पद्धतीने) टेस्ट दिली, त्या प्रोसेसने सलग सहा महिने वेल्डिंगच केलं नाही, तर पात्रता जाते. म्हणून कंटिन्युइटी लॉगमध्ये (कोणत्या प्रोसेसने कधी वेल्डिंग केलं त्याच्या वहीत) नोंद करून घ्या, हे कळकळीचं सांगणं. आर्क (रॉडचं वेल्डिंग) आणि टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग) या वेगळ्या प्रोसेस; आर्कने काम केलेलं टिगच्या खात्यात धरत नाहीत. खंड पडलाच, तर त्या प्रोसेसचा एक तुकडा, प्लेट किंवा पाइप, पास केला की आधीच्या मर्यादा परत मिळतात. मात्र तुमच्या कामाच्या दर्जाबद्दल ठोस शंका आली, तर पात्रता मधेच काढून घेता येते.

'सिक्स-जी म्हणजे सगळं चालतं' हेही अर्धंच खरं. पोझिशन (जॉइंट आडवा, उभा, डोक्यावर) सगळ्या मिळतात, जाडी नाही. समजा टेस्ट दोन इंची शेड्यूल ८० (भिंतीच्या जाडीचा वर्ग) पाइपवर दिली; त्याची भिंत ५.५४ मिमी. पूर्ण जाडी एकाच प्रोसेसने भरली असेल, तर ग्रूव्ह जॉइंटला (खाच करून भरलेल्या जोडाला) त्याच्या दुप्पट, म्हणजे ११.०८ मिमीपर्यंतच मुभा. १६ मिमी प्लेटचा ग्रूव्ह त्या कार्डावर भरता येत नाही.

आणि पात्रतेची जबाबदारी काम करून घेणाऱ्या कंपनीची असते. ट्रेनिंग सेंटरचा कागद दाखवला तरी कंपनी स्वतः टेस्ट मागू शकते. ऑर्बिटल मशीन (पाइपभोवती फिरून वेल्डिंग करणारं) चालवणाऱ्या ऑपरेटरची पात्रता वेगळी. त्या पात्रतेवर हाताने वेल्डिंग करता येत नाही.